केनिया-टांझानिया सफारी आणि झांझिबार: जायचं कधी?

परीक्षा आटोपत आल्या की हाच प्रश्न येत राहतो. म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

जुलैत केनियातल्या मसाई मारात स्वेटर लागेल?

लागेल, पहाटे कानटोपीसुद्धा. मारा दीड हजार मीटरच्या आसपास नि त्याहून उंचावर आहे.

मेमध्ये सफारी आणि झांझिबारचं 'समर स्पेशल' निम्म्या दरात मिळतंय. मुलांना सुट्टीही आहे. घेऊ का?

एवढं स्वस्त का, ते विचारलंत? मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिकडे मोठा पाऊस असतो, स्वाहिलीत 'मसिका'. आपल्या पोरांची सुट्टी नेमकी त्यात सापडते आणि एजंटांचं फावतं. झांझिबारची कितीतरी हॉटेलं एप्रिल-मेमध्ये चक्क कुलूप लावून बसतात; ब्रोशरवर मात्र जानेवारीतला निळाशार समुद्र. माराची माती आपल्या मराठवाड्यासारखी काळी नि चिकट. चाक रुतलं की दुसरी गाडी येऊन दोर लावेपर्यंत बसा गप्पा मारत. गवत एवढं वाढलेलं असतं की सिंह वाटेलगत झोपला तरी फार तर कानाचं टोक दिसतं. गर्दी नको, हिरवळ हवी, पाऊस चालेल, असं म्हणणाऱ्याने नुसती सफारी खुशाल करावी. पण समुद्रासाठी मेमध्ये जाऊ नका. जायचंच असेल तर त्या तारखांना हॉटेल उघडं आहे का, गाडी फोर बाय फोर आहे का आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे लेखी घ्या. कागद मला किंवा दुसऱ्या जाणकाराला दाखवा, मगच ॲडव्हान्स भरा. दोन्ही नीट हवं तर जूनअखेर ते ऑक्टोबर, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तम. नोव्हेंबरात आली तर अधूनमधून सरी गृहीत धरा.

ऑगस्टमध्ये विल्डबीस्ट (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) नदी ओलांडताना 'गॅरंटीड' दाखवतात म्हणे?

गॅरंटीवर विल्डबीस्टची सही आहे का? जुलै ते ऑक्टोबर कळप साधारण मारा नदीच्या अंगाला असतात, एवढंच खरं. तासन्‌तास काठावर उभे राहून माघारी फिरतात. निदान तीन रात्री ठेवा.

फेब्रुवारीत गेलो तर मायग्रेशन, म्हणजे या कळपांचं स्थलांतर, हुकेल?

नाही. तेव्हा विल्डबीस्ट दक्षिण सेरेंगेटी, न्डुटूकडे वितात. मारा सोडा, टांझानिया धरा.

झांझिबारला कुठला किनारा?

पोहायला उत्तरेकडचे नुंग्वी-केंड्वा. पूर्वेला पाजेकडे ओहोटीत पाणी पार लांब जातं.

केनियासाठी यलो फीव्हरची लस आदल्या आठवड्यात घेतली तर चालेल? आई 67 वर्षांची आहे.

नाही चालणार. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं. प्रमाणपत्राशिवाय केनियाहून परतलात तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीपुढे ही लस जपून देतात, त्यामुळे आईंचा निर्णय डॉक्टरांचा. शेजाऱ्याच्या भाच्याचा नव्हे. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा, आणि हे सगळं तिकीट काढण्याआधी.