लोकं बैठकीला येतच नाहीत, नोकरी सोडू का?

"मॅडम, पहिल्या बैठकीला ४१ लोक होते. आता ६ येतात. त्यात एक आशा, एक अंगणवाडी सेविका, एक मदतनीस. बाकीची पोरं. माझंच काही चुकतंय ना? सोडून देऊ का नोकरी?"

आदिवासी भागात आरोग्याचं, व्यसनमुक्तीचं, मनःस्वास्थ्याचं काम करणारे तरुण कार्यकर्ते समुपदेशनाला येतात, तेव्हा त्यांचा हा नेहमीचा प्रश्न. गाव आणि आकडे तेवढे बदलतात. खालची हकिगत अशा चार-पाच जणांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

कार्यकर्ती २७ वर्षांची, समाजकार्याची पदवी घेतलेली, चंद्रपूरकडची. गडचिरोलीच्या दक्षिणेकडची माडिया आदिवासींची १४ गावं तिच्याकडे. दोन वर्षांचा प्रकल्प, त्यातले सात महिने सरलेले. बैठक बुधवारी असायची. मंगळवारी संध्याकाळपासून पोटात गोळा यायचा, पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा झोप नाही. रविवारी मात्र जेवण जायचं, मैत्रिणीशी फोनवर हसणं व्हायचं. मरणाचे विचार नव्हते. त्यामुळे हे नैराश्य असेल असं लगेच धरलं नाही. झोप आणि भूक दर भेटीत विचारायचं ठरवलं आणि तिला एकच काम दिलं: मागच्या बुधवारी काय काय झालं ते तासातासानं सांगायचं.

सकाळी साडेआठला स्कूटीवर निघायचं. २२ किलोमीटर, मध्ये दोन नाले. साडेदहाला अंगणवाडीत पोचून सतरंजी अंथरायची आणि खिळ्याला फ्लेक्स अडकवायचा. अकराची बैठक, बारापर्यंत वाट पाहायची. मग आशाताई घरोघर हाका मारायची. साडेबाराला फोटो काढायचा, त्यात तारीख आणि ठिकाण उमटलं पाहिजे. इथपर्यंत सांगून ती थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तीन बैठकांच्या सह्या मी नंतर घरोघरी जाऊन घेतल्या."

पहाटे तीनची जाग यासाठी होती. प्रत्येक बैठकीला ३० माणसांचं लक्ष्य होतं आणि ती ते भरून काढत होती. अपराधीपणाचं कारण खरं असेल तर "मनाला लावून घेऊ नका" या सल्ल्याचा उपयोग होत नाही. कागद दुरुस्त करावा लागतो. तिन्ही तारखांपुढे "बैठक झाली नाही, घरभेटीत सह्या" असं लिहून वरिष्ठांना पत्र द्यायचं ठरलं. पत्राचा मसुदा दुसऱ्या भेटीत तयार केला. साहेब चिडले, पण कामावरून काढलं नाही. त्या आठवड्यात तिला दोन रात्री सलग झोप लागली.

आता मूळ प्रश्न. लोक का येत नाहीत?

तिला विचारलं, "गावानं तुमच्याकडे काय मागितलं होतं?" उत्तर आलं नाही, कारण गावाला कुणी विचारलंच नव्हतं. परवानगी होती, ती ग्रामपंचायतीच्या ठरावाची. इथे बहुतेक प्रकल्प फसतात. एका ग्रामपंचायतीत पाच-सहा गावं आणि टोले, म्हणजे छोट्या वस्त्या, असतात. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा आणि महाराष्ट्राचे नियम २०१४चे. त्यांनुसार एकेका पाड्याची किंवा टोल्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. सरपंचाचा शिक्का म्हणजे त्या ग्रामसभेचा होकार नव्हे. अशा गावात पाहुण्याला तोंडावर "नको" म्हणत नाहीत. पहिल्या दिवशी येतात, बसतात, जेवण असेल तर जेवतात. पुढच्या वेळी शेतावर जातात. ४१चे ६ झाले, तेव्हाच गावानं उत्तर दिलं होतं.

दुसरं कारण बुधवार. शेजारच्या मोठ्या गावचा आठवडी बाजार बुधवारीच भरायचा. वार ऑफिसातल्या गाडीच्या सोयीनं ठरलेला होता.

तिसरं कारण फ्लेक्स. त्यावर बाटली हातात धरलेला माणूस, त्यावर लाल फुली, खाली मोहाची फुलं आणि "मोहाची दारू म्हणजे विष". या गावांत मोहाची दारू आधी देवाला चढते. नाव ठेवणं, लग्न, मयत, पंडुम (सण), तिच्यावाचून यातलं काही होत नाही. फ्लेक्स गावाला सांगत होता की तुमच्या देवाला तुम्ही विष पाजता. म्हातारा गायता, म्हणजे गावचा धर्मप्रमुख, पहिल्या दिवशी फ्लेक्सकडे पाहून उठून गेला होता. तिला वाटलं, त्याला काम असेल.

(त्याच फ्लेक्सच्या कोपऱ्यात "खर्रामुक्त गाव" असंही होतं. प्रकल्पाच्या गाडीचा चालक पन्नीत खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटत खाली उभा असायचा. गाव हे सगळं बघत असतं.)

तिसऱ्या भेटीत कोऱ्या कागदावर बारा महिने आखले. जानेवारी ते मार्च अर्धी घरं मिरची तोडायला तेलंगणात. मार्च-एप्रिल मोहफूल, बाया अंधारातच वेचायला बाहेर. एप्रिलच्या शेवटापासून मे तेंदूपत्ता: पहाटे तोडणी, दुपारी पुडके बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी. जूनपासून पेरणी, रोवणी. पावसाळ्यात आणि त्यानंतर मलेरिया. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, रात्री शेतावर राखण. या कागदावर "सकाळी ११, अंगणवाडी" कुठे बसतं ते तिनंच शोधायचं होतं. ते कुठेच बसलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर सात ते नऊ, गोटुलमध्ये (गावाच्या एकत्र जमायच्या जागी), तेही तेंदूचा हंगाम सोडून, एवढीच जागा उरली. रात्रीची बैठक म्हणजे तिला गावात मुक्काम करावा लागणार. मग १४ गावं जमणार नाहीत, ४ जमतील. आरोग्य केंद्रांचे निकष आदिवासी भागासाठी सैल केलेले आहेत, उपकेंद्र ५,०००ऐवजी ३,००० लोकांमागे, प्राथमिक केंद्र ३०,०००ऐवजी २०,०००मागे. प्रकल्प आखणारे मात्र नाले मोजायला विसरतात.

वरिष्ठांना दुसरं पत्र गेलं: सहा आठवडे बैठका बंद, त्यानंतर ४ गावं. निधी देणाऱ्यांशी झालेली ओढाताण इथे सांगत बसत नाही. शेवटी मान्य झालं.

या सहा आठवड्यांत काय करायचं तेही लिहून दिलं. फ्लेक्स, रजिस्टर, फोन काही काढायचं नाही. आधी गायता, पाटील, पुजारी यांच्याकडे जायचं. कोणत्या गावात कुणाच्या शब्दाला वजन आहे ते आशाताईला नीट माहीत असतं. पुजाऱ्याला "प्रशिक्षणाला या" म्हणायचं नाही. त्याच्याकडे दुखण्यासाठी कोण कोण येतं आणि कोणतं दुखणं त्याच्या हाताबाहेर जातं, एवढं विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पुजारी मोकळेपणानं देतात. त्या यादीवरून करार होतो: पूजा त्याची, पण फिट, शुद्ध हरपणं, बरळणं, जीव द्यायची भाषा यातलं काही दिसलं की माणूस त्याच दिवशी दवाखान्यात. आणि कोणताही ताप असला तरी आशाताईच्या किटवर रक्ततपासणी २४ तासांच्या आत.

गडचिरोलीत याला जुना दाखला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं आदिवासींना विचारून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती लोकांनी बोलून दाखवली होती.

यानंतर बायांशी वेगळं बोलायचं, कारण रात्रीच्या सभेत त्या मागे बसतात आणि गप्प राहतात. मध्ये माडिया बोलणारी बाई हवी, पण आशाताई नको. तीही त्याच गावची सून आहे. नवऱ्याच्या माराची गोष्ट तिच्या तोंडून सांगायची तर बाई सांगणारच नाही. "तणाव आहे का" या प्रश्नाला अर्थ लागत नाही. झोप लागते का, भात गोड लागतो का, अंग कशानं दुखतं, असं विचारलं की गोष्ट निघते.

एका गावात बायांनी दोन गोष्टी मागितल्या. राखणीला शेतावर झोपणाऱ्यांना ताप येतो, त्यांच्यासाठी मच्छरदाण्या. आणि तेंदूचे पैसे हाती आले की आठ दिवस बाहेरून येणारी विकतची दारू बंद. देवाच्या दारूबद्दल कुणीच बोललं नाही. गडचिरोलीत दारूबंदी १९९३पासून आहे, म्हणजे ती विक्री मुळात बेकायदाच. पेसानं मादक पदार्थांबाबतचा अधिकार ग्रामसभेकडेही दिलेला आहे. देवाची आणि विक्रीची दारू वेगळी आहे, हे गावानं आधीच ठरवलेलं होतं. फ्लेक्सला ते माहीत नव्हतं.

ग्रामसभेत पहिल्या रात्री ठराव घ्यायचा नाही, हे तिला दोनदा बजावावं लागलं. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाची रीत डोळ्यांपुढे ठेवली: अभ्यास गटात चर्चा, निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. तिच्या चार गावांपैकी दोघांनी दुसऱ्या-तिसऱ्या सभेत होकार दिला, तिसरं गाव अजून बोलतंय. चौथ्यानं स्वच्छ सांगितलं, "आम्हाला नको." अहवालात तिनं ते तसंच लिहिलं. "प्रतिसाद कमी" लिहिलं असतं तर ते पुन्हा सह्या गोळा करण्यासारखंच झालं असतं.

एक गोष्ट मात्र तिला ताबडतोब थांबवायला सांगितली. २ ऑक्टोबरला सगळ्यांनी एकदम दारू सोडायची शपथ घ्यायची, असा कार्यक्रम आखलेला होता. रोज पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. फिटचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. काहींना ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागेचं भान सुटतं, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. म्हणजे शपथ घेऊन पाहुणे गावाला गेले, की तिसऱ्या रात्री घरच्यांवर प्रसंग येतो. म्हणून सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला एकांतात तीन प्रश्न विचारायचे. सकाळी उठल्याउठल्या लागते का? आधी थांबवली तेव्हा थरथर, भास, फिट असं काही झालं होतं का? रोज किती? पहिल्या दोनांपैकी एकालाही "हो" आलं किंवा रोजचं प्रमाण मोठं निघालं, तर आधी डॉक्टर, मग दारू सोडणं. दवाखान्यात "रोज दारू पितो, परवापासून बंद आहे" हे ठळक सांगायचं. अशा कुपोषित रुग्णाला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते.

या जिल्ह्यात आणखी एक फसगत होते. ताप आणि बरळणं दिसलं की घरचे म्हणतात, दारू सुटली म्हणून होतंय. तो मेंदूचा मलेरिया असू शकतो. बरळणाऱ्या तापकऱ्याला आधी रक्ततपासणी, आणि ती होताहोताच गाडी बोलवायची. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, पण गावात रेंज कुठल्या झाडाखाली मिळते ते आधी माहीत हवं.

होकार दिलेल्या दोन गावांनी एक बाई आणि एक पुरुष असे लोकांचं मन ऐकून घेणारे निवडले. मानधन प्रकल्पातून. प्रकल्प संपल्यावर दिवा, तेल, गाडीभाडं असल्या खर्चासाठी ग्राम आरोग्य समितीचा वर्षाचा १०,००० रुपयांचा निधी आणि पेसाचा ५ टक्के निधी आहे. त्यासाठी ग्रामसभेच्या आराखड्यात ओळ आत्ताच घालावी लागते, नंतर पैसे रस्त्याला जातात. नव्या रजिस्टरात तीन रकाने: आपणहून बोलायला किती आले, किती तापांची २४ तासांत तपासणी झाली, किती जणांना दवाखान्यात पोचवलं. नावं नाहीत, फोटो नाहीत. पिणाऱ्याचं नाव वहीत गेलं की ते दोन दिवसांत सासुरवाडीपर्यंत पोचतं.

पहिल्या महिन्यात पहिल्या रकान्यात ३ हा आकडा आला. तिनं फोनवर सांगितलं, "तीनच." विचारलं, यातल्या किती जणांना हाका मारून आणलं? "एकालाही नाही," म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं.

नोकरी तिनं सोडली नाही. मंगळवारचा गोळा अजून कधीकधी येतो, विशेषतः त्रैमासिक अहवालाच्या आठवड्यात. शेवटच्या भेटीत फ्लेक्सचं काय केलं ते विचारलं. गायत्याच्या घरी आहे म्हणाली. तिनं स्वतःच नेऊन दिला होता. अंगणात पालथा पसरलेला असतो, वर मोह वाळत घातलेला.