द्राविडी भाषाकुळाचे वय संगणकाने कसे काढतात?
तमिळ, तेलुगू, गोंडी यांच्या मूळ भाषेचे वय सुमारे ४५०० वर्षे असल्याचा निष्कर्ष २०१८ च्या एका अभ्यासात निघाला. त्यासाठी वीस भाषांतील मूलभूत शब्द गोळा करून समान उगमाचे शब्द आधी भाषातज्ज्ञांनी ओळखले, कारण हे काम संगणकावर सोपवणे अजून धोक्याचेच आहे. मग त्या शब्दांच्या आधारे बेझियन, म्हणजे संभाव्यतेच्या गणितावर चालणाऱ्या, पद्धतीने या भाषांचे असंख्य संभाव्य वंशवृक्ष तपासले गेले. १९५० च्या दशकात अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वाडेश यांनी शब्द बदलण्याचा वेग सर्वत्र सारखा मानला होता. आता तो शाखेनुसार वेगळा असू शकतो, आणि शिलालेखांसारख्या पुराव्यांतून ठाऊक असलेल्या काळाशी वृक्षाचे काही फाटे जुळवले की उरलेल्यांचा काळ काढता येतो. तरीही त्या अंदाजाची कक्षा सुमारे ३००० ते ६५०० वर्षे इतकी रुंद आहे, म्हणून केवळ ४५०० हा आकडा सांगणे मला अपुरे वाटते.