आईचं ताट, बाळाचं दूध: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं आहे. रोज संध्याकाळी दोन-दोन तास रडतं. मी कोबी आणि कडधान्यं खाते म्हणून त्याला गॅस होतो, असं घरचे म्हणतात. आता माझ्या ताटात भात आणि दूधच उरलंय. आणखी काय बंद करू?

उत्तर: काहीच नको. जे बंद केलंय ते पुन्हा सुरू करा. कोबी-कडधान्यांचा न पचलेला भाग तुमच्या मोठ्या आतड्यात आंबतो आणि तिथे गॅस होतो. तो दुधात उतरत नाही, कारण दूध रक्तातल्या घटकांपासून तयार होतं. संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरतं. म्हणून एकेक पदार्थ सोडत गेलेल्या आईला वाटतं, शेवटी जो सोडला त्यानेच गुण आला!

अपवाद आहे, पण तो नेमका तुम्ही ताटात ठेवलेल्या दुधाचा. गाईच्या दुधातली प्रथिनं थोड्या प्रमाणात आईच्या रक्तातून अंगावरच्या दुधात उतरतात आणि काही मोजक्या बाळांना त्यांची ॲलर्जी असते. नुसतं रडणं ही त्याची खूण नव्हे. शीमध्ये रक्ताचे धागे, हटत नसलेला इसब, वारंवार उलट्या, न वाढणारं वजन यांपैकी काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी सांगितलं तर दूध, दही, ताक, पनीर, चीज, लोणी आणि दूध पावडर घातलेली बिस्किटंसुद्धा 2 ते 4 आठवडे पूर्ण बंद करायची. 'चहापुरतं चालेल' म्हटलं की प्रयोग फुकट गेला. म्हशीचं किंवा शेळीचं दूधही चालत नाही, त्यांची प्रथिनं बरीच सारखी असतात. लॅक्टोजविरहित दुधाचाही उपयोग नाही. लॅक्टोज ही साखर आईचं शरीर दूध बनवताना स्वतःच तयार करतं, इथे त्रास प्रथिनांचा असतो.

फरक पडला तर दूध पुन्हा घेऊन पाहायचं आणि त्रास परतला तरच ॲलर्जी मानायची. ही पायरी बऱ्याच जणी गाळतात आणि महिनोन्‌महिने उगाच दुधाविना काढतात. दूध बंद असेल त्या काळात रोजचं सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम दुसरीकडून मिळायला हवं. त्यासाठी गोळी लागेल का, ते विचारून घ्या.

प्रश्न: दूध वाढावं म्हणून रोज चार लिटर पाणी पिते. तरी वाढत नाही.

उत्तर: वाढणार नाही. अंगावरच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं हे खरं, पण दूध किती तयार होणार हे स्तन किती वेळा आणि किती रिकामे होतात यावर ठरतं. दूध आत साठून राहिलं की निर्मिती मंदावते. सुरुवातीच्या आठवड्यांत 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजा, बाळ नीट पकडतंय का हे जाणकाराकडून तपासून घ्या, रात्रीचं पाजणं टाळू नका. पाणी तहानेपुरतं पुरे. पाजायला बसलं की हमखास तहान लागते, तेव्हा ग्लास हाताशी ठेवा.

मुळात दूध खरंच कमी आहे का? पाचव्या दिवसानंतर बाळाचे दिवसाला किमान सहा लंगोट चांगले ओले होत असतील आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत आलं असेल, तर ते पुरतंय. खाणं मात्र कमी करू नका. पहिल्या सहा महिन्यांत रोज 500 कॅलरींच्या आसपास जास्त लागतात. त्यातल्या काही गरोदरपणात साठलेल्या चरबीतून भागतात.

प्रश्न: मी दूध, अंडी, मांस काहीच खात नाही. बाळाला काही कमी पडेल?

उत्तर: बी-12 जीवनसत्त्व पडू शकतं, आणि हा विषय अंगावर काढण्यातला नाही. लोह आणि कॅल्शियम दुधात ठरावीकच उतरतं, आईला कमी पडलं तरी. बी-12, आयोडीन आणि डीएचए (ओमेगा-3 प्रकारचा स्निग्ध घटक) यांचं तसं नाही. आई जितकं घेते, तितकंच बाळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाच्या यकृतात बी-12चा साठा वर्षानुवर्षं पुरतो, पण कमतरता असलेल्या आईचं बाळ रिकाम्या हातानेच जन्माला येतं. मग काही महिन्यांनी ते सुस्त होतं, मान धरायला-बसायला मागे पडतं, शिकलेलं विसरतं. आई मात्र ठणठणीत दिसू शकते, कारण भाज्यांतलं फोलेट हे जीवनसत्त्व तिचा ॲनिमिया झाकून ठेवतं. उशीर झाला तर मेंदूवरचा परिणाम पूर्ण भरून निघेलच असं नाही.

तेव्हा रक्त तपासून बी-12ची गोळी सुरू करा. रोजची गरज 2.8 मायक्रोग्रॅम. गोळीत आकडा कितीतरी मोठा दिसेल, घाबरू नका, मोठ्या मात्रेतला फार थोडा अंशच शोषला जातो. स्पिरुलिना या शैवालाच्या पुडीवर किंवा गोळ्यांवर विसंबू नका, त्यातलं बहुतेक बी-12 शरीराला वापरता येत नाही. मीठ आयोडीनयुक्त घ्या, सैंधवात ते पुरेसं नसतं. डीएचएसाठी शैवालापासून केलेली कॅप्सूल मिळते.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. ते बहुतेक सगळ्याच आयांच्या दुधात अपुरं असतं, म्हणून बाळाला थेंबांतून रोज 400 युनिट देतात.

प्रश्न: कॉफी प्यावी का?

उत्तर: दिवसाला दोन कप प्या. कॅफीन 200 ते 300 मिलिग्रॅमच्या आत राहिलं की झालं, आणि त्यात चहा, कोला, चॉकलेटही मोजा. बाळ अगदी नवजात असेल तर आणखी जपून, कारण मोठ्यांच्या शरीरातून निम्मं कॅफीन पाचेक तासांत जातं, नवजात बाळाला तीन-चार दिवस लागतात.