डीएम-क्रिप्टमधली रेस कंडिशन: लॉक कुठे लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर डीएम-क्रिप्ट (डिस्कवरचा डेटा कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्ट, करणारा लिनक्सचा भाग) इंटिग्रिटीसकट, म्हणजे डेटा बिघडलाय का हे तपासण्याच्या सोयीसकट, चालू आहे, हिशेबाचा डेटाबेस डायरेक्ट आयओने लिहितो-वाचतो, आणि मधूनच 'इनव्हॅलिड ऑर इनकम्प्लीट मल्टिबाइट ऑर वाइड कॅरॅक्टर' अशी एरर येते. रेस कंडिशन (दोन कामं एकाच डेटावर एकदम चालून होणारा घोळ) आहे असं वाटतंय, तर एन्क्रिप्शनच्या कोडमध्ये लॉक कुठे लावायचं?

आधी एररचं बोलू. मराठी फाँट किंवा युनिकोडशी तिचा काडीचाही संबंध नाही. एन्क्रिप्ट करताना डेटासोबत साठवलेला तपासणीचा टॅग वाचताना जुळला नाही की डीएम-क्रिप्ट ईआयएलएसईक्यू हा एरर कोड परत देतो आणि सी लायब्ररी त्या कोडचं ठरलेलं वाक्य छापते. खरी नोंद कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये असते: 'इंटिग्रिटी एईएडी एरर' (एईएडी म्हणजे टॅगसकट एन्क्रिप्शन) आणि पुढे सेक्टरचा, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्याचा, नंबर. खराब डिस्कमुळेही हे होतं, पण सगळे सेक्टर डेटाबेसच्या फाइलींतलेच निघाले तर तुमचा संशय बरोबर आहे.

डायरेक्ट आयओत डेटा पेज कॅशमध्ये (कर्नेलच्या तात्पुरत्या साठ्यात) थांबत नाही, प्रोग्रॅमच्या मेमरीतूनच एन्क्रिप्शनला वाचला जातो. लिहिणं पूर्ण व्हायच्या आत प्रोग्रॅमच्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामाने) तोच बफर, म्हणजे मेमरीतला तो डेटा, बदलला, तर टॅग एका मजकुराचा आणि डिस्कवर दुसराच मजकूर, असं होऊ शकतं. ट्रक काट्यावर उभा असताना हमालांनी आणखी घड चढवले तर पावती आणि माल जुळेल का? साध्या एक्सटीएस या एन्क्रिप्शन पद्धतीत टॅगच नसतो, त्यामुळे तिथे हीच गडबड एरर न देता पचून जाते. माझ्या मते ते जास्त वाईट.

आता लॉक. बफर बदलणारा थ्रेड तुमच्या प्रोग्रॅमचा आहे. आपल्याच मेमरीत लिहिताना तो कर्नेलला विचारत नाही, मग कर्नेलमधलं म्यूटेक्स (म्हणजे लॉकच) त्याला अडवणार कसं? म्हणून २०२४ मध्ये आलेल्या दुरुस्तीत लॉक नाहीच. कूटबद्ध मजकुरासाठी डीएम-क्रिप्ट स्वतःची पानं घेतोच; त्यांच्यातच आधी बायो_कॉपी_डेटा या फंक्शनने मूळ डेटाची प्रत करायची आणि मग ती प्रत जागच्या जागी एन्क्रिप्ट करायची. प्रोग्रॅमने नंतर बफरचं काहीही केलं तरी टॅग आणि मजकूर एकाच प्रतीचे राहतात. प्रत्येक लिखाणामागे एक जादा कॉपी पडते, वेग थोडा कमी होऊ शकतो. टॅग असलेल्या एन्क्रिप्शनलाच हे लागू आहे, बाकीच्यांना भुर्दंड नाही.

दुरुस्ती कर्नेल ६.८ मध्ये आहे आणि जुन्या स्थिर शाखांतही गेली आहे. नुसत्या आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका, तुमच्या कर्नेलच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) सीव्हीई-२०२४-२६७६३ हा या त्रुटीचा क्रमांक शोधा.

पण भाऊ, कर्नेल बदलल्याने बिघडलेले सेक्टर सुधारणार नाहीत. त्या सेक्टरांतली डेटाबेसची पानं बॅकअपमधून आणून पूर्ण सेक्टर नव्याने लिहावे लागतील. आणि डेटाबेस तुमच्या हातातला असेल तर लिखाण पूर्ण झाल्याचा निरोप येईपर्यंत बफरला हात लावू देऊ नका. टॅग जुळला तरी आत अर्धा जुना, अर्धा नवा हिशेब असू शकतो, आणि तो कर्नेलला ओळखता येत नाही.