गोळी लागू होईपर्यंतचा तास

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट हे औषध घेतो. शाळेत बरा असतो, पण सकाळी नुसते मोजे घालायला 20 मिनिटं. बस चुकते, मी ओरडते, तो रडतो. काय करू?

उत्तर : ताई, तो मुद्दाम करत नाहीये. कालच्या गोळीचा परिणाम कालच ओसरलेला असतो आणि आजची लागू व्हायला अर्धा ते एक तास जातो. घाई सगळ्यात जास्त असते, नेमकी तेव्हाच त्याला औषधाची साथ नसते. माझ्या लेकाच्या डॉक्टरांनी गोळी उठायच्या पाऊण तास आधी, अंथरुणातच द्यायला सांगितली. ती घेऊन तो पुन्हा झोपायचा. तुमच्या डॉक्टरांना हे विचारा, स्वतःहून वेळ बदलू नका. दिवसभर पुरणारी गोळी असेल तर ती कुटून किंवा चावून कधीच नको. नाश्ता मात्र उठल्या उठल्या, औषधाने भूक मरायच्या आत. आमच्याकडे तूप लावलेली पोळी नि अंडं असायचं. गणवेश, दप्तर रात्रीच दाराशी ठेवा. आणि लांबून "आवर लवकर" म्हणू नका. शेजारी बसून "मोजा घाल" एवढंच सांगा. तो घातला की मग बूट.