पहिला मोठा टीव्ही घेताय? आधी टेप काढा

५५ इंची घ्यावा की ६५, हा प्रश्न दुकानात नाही, घरीच सुटतो. सोफ्यावर नेहमीसारखं बसा आणि डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ६-७ फूट असेल तर ५५ इंची भरपूर झाला. ८-९ फूट मिळत असेल तर ६५ खुशाल घ्या. इंच तिरके मोजतात, त्यामुळे ५५ इंचीची रुंदी साधारण ४ फूट भरते, ६५ ची पावणेपाच. त्या मापाने रद्दीची पानं भिंतीवर चिकटवून दोन दिवस राहू द्या. घरच्यांची मतं न विचारताच कळतील!

नवखे लोक हमखास फसतात ते इथे:

- पाय: बऱ्याच मॉडेलना ते दोन्ही टोकांना असतात. तुमचं युनिट साडेतीन फुटी असेल तर टीव्ही त्यावर बसणारच नाही.
- शोरूममधलं चित्र: तिथे रंग आणि उजेड मुद्दाम भडक ठेवतात. सेल्समनला पिक्चर मोड ‘सिनेमा’वर करायला लावा, मग तुलना करा. कुरकुरला तरी लावाच.
- उंची: भिंतीवर फार वर टांगू नका, मान धरते.

खोका स्वतः फोडू नका. पडद्याला तडा असेल तर तो बसवायला आलेल्या माणसासमोरच दिसलेला बरा, नाहीतर वाद तुमच्या गळ्यात. लिफ्टमध्येही खोका उभाच न्यायचा.

ओएलईडी, रिफ्रेश रेट वगैरे सध्या राहू द्या. मापं घेतलीत की कळवा, मग मॉडेलचं बघू.