नव्या .३२ पिस्तुलात काडतूस अडकतंय, उतार घासू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यावल तालुक्यात केळी-कापसाची शेती, रीतसर लायसन्सवर नवीन .३२ पिस्तूल घेतलं, जानेवारीत सकाळी रेंजवर ४० गोळ्या झाडल्या आणि सहा वेळा अडकलं. चार वेळा काडतुसाचं नाक खालीच रुतलं, दोन वेळा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण मिटली नाही. सोबत दोन मॅगझीन (काडतुसं भरायच्या पेट्या) आहेत. घरी आणल्यावर गंजू नये म्हणून खोबरेल लावलं होतं. आणि ओळखीतल्या एकाने सांगितलं की चेंबरपुढचा उतार, म्हणजे काडतूस ज्यावरून नळीच्या मागच्या घरात चढतं तो, पॉलिश पेपरने घासून घ्या.

नका घासू, भाऊ. पेपर लावून काढलेलं लोखंड परत चढवता येत नाही. उताराचा कोन जरा जरी बिघडला किंवा चेंबरची कड खालून खाल्ली गेली, तर पुंगळीला (काडतुसाच्या पितळी नळकांड्याला) तिथे आधार राहत नाही आणि ती फाटू शकते. मी चाळीसगावचा, २२ वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. त्या काळात ९ मिमी पिस्तुलं इतकी हाताळली की मोजदाद नाही, आणि अडकण्याच्या तक्रारींत पिस्तुलाच्या उताराचा दोष फार थोड्या वेळा निघाला. बहुतेक वेळा दोष मॅगझीनचा असायचा.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे असंच एक पिस्तूल आलं. मी दोन दिवस ते खोलत बसलो. स्प्रिंग बदलली, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी आकडी) बदलला, काही फरक नाही. शेवटी आमच्या उस्तादांनी शेजारच्या पिस्तुलाचं मॅगझीन काढून त्यात घातलं आणि सगळ्या गोळ्या सरळ गेल्या. जुनं मॅगझीन कधीतरी सिमेंटवर पडलं होतं आणि त्याचा एक ओठ (काडतूस धरून ठेवणारी वरची कड) केसाइतका आत वळला होता. तेव्हापासून माझी पहिली सूचना हीच असते: दोन्ही मॅगझीनच्या तळाला पक्क्या शाईने १ आणि २ लिहा. कोणत्या मॅगझीनमध्ये, कितव्या गोळीला अडकलं, हे वहीत टिपा. सहाही वेळा एकच नंबर आला तर निदान तिथेच झालं.

दुसरी सूचना, अडकल्यावर लगेच स्लाइड खेचून मोकळं करू नका. फौजेत याला 'रोक' म्हणतात, आणि रोक कशी दिसते त्यावरून तिचं कारण कळतं. बोट ट्रिगरच्या बाहेर, नळी निशाणाकडेच, आणि आधी नीट बघा. नाक खाली उतारावर रुतलं असेल तर मॅगझीन पूर्ण बसलं नव्हतं, स्प्रिंग मंद आहे किंवा काडतुसं एकमेकांत अडकली आहेत. नाक वर चढून तिरपं झालं असेल तर मॅगझीनचे ओठ फाकलेत आणि काडतूस वेळेआधी सुटतंय. स्लाइड मिटायला दोन-तीन मिलिमीटर बाकी राहिली असेल तर घाण, घट्ट झालेलं तेल, कडक एक्स्ट्रॅक्टर किंवा वाकडं काडतूस. रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत (ती बाहेर पडते त्या फटीत) उभी अडकली असेल तर ती भरण्याची अडचणच नाही, बाहेर फेकण्याची आहे. बघून झालं की आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड मागे घ्या, चेंबर डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. स्क्रू ड्रायव्हरने काडतूस उचकटायचं नाही. पुंगळीच्या बुडात टोपी असते आणि ती ठोक्याने पेटते.

तुमच्या चार वेळच्या नाक रुतण्याबद्दल मला एक दाट शंका आहे. ही .३२ गोळी जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास आणली, आणि तिच्या पुंगळीच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते: कड सुमारे ९.१ मिमी, अंग साधारण ८.५. ९ मिमीच्या पुंगळीला अशी बाहेर आलेली कड नसते. म्हणून .३२ च्या मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर स्लाइड वरचं पुढे ढकलते आणि खालचं त्याला धरून ठेवतं. दोघांची कुलपासारखी गाठ बसते. त्यामुळे भरताना प्रत्येक नवीन काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आहे ना, ते बाजूने बघायचं. घाईत अंगठ्याने कोंबायचं नाही. आखूड, पोकळ नाकाच्या गोळ्या मॅगझीनमध्ये मागेपुढे जास्त हलतात आणि हा घोटाळा जास्त करतात. सुरुवातीला गोल नाकाच्या, पूर्ण जॅकेटच्या (शिशावर धातूचं कवच असलेल्या) गोळ्याच वापरा.

दोन वेळा स्लाइड मिटली नाही, त्याचं कारण बहुधा तुमचं खोबरेल असावं. ते २४ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीत यावलला सकाळी किती गारठा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. नव्या पिस्तुलावर कारखान्याचं जाड ग्रीसही असतं, त्यावर थिजलेलं खोबरेल, आणि तुमच्याकडे हवेत कापसाचा तूस. सगळं मिळून खळीसारखं होतं आणि स्लाइड शेवटच्या टप्प्यात मंदावते. सगळं पुसून काढा. नळीतून चिंदी ओढा, ती पांढरी निघेपर्यंत. मग बंदुकीचं पातळ तेल स्लाइडच्या खाचांना एकेक थेंब, तेवढंच. चेंबर आणि मॅगझीन आतून कोरडं. काडतुसाला तेल कधीच नाही. ते टोपीत झिरपून बार फुकट घालवतं.

आता हाताचंही सांगतो, कारण हे ऐकायला लोकांना आवडत नाही. .३२ ची बहुतेक पिस्तुलं साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. स्लाइडला कुलूप नसतं, मागे येणारी पुंगळीच तिला ढकलते. मनगट ढिलं असेल तर सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइड पूर्ण धाव घेत नाही आणि पुढचं काडतूस अर्धवट उचललं जातं. रेंजवर एखाद्या जुन्या नेमबाजाच्या हातात हेच पिस्तूल, हेच मॅगझीन द्या. त्याच्या हातात एकदाही अडकलं नाही तर उत्तर तुमच्या पकडीत आहे. आणि चेंबर भरताना स्लाइड हाताने हळू सोडू नका. पूर्ण मागे ओढून मोकळी सोडा, स्प्रिंगला तिचं काम करू द्या.

रोज रात्री भरायचं, सकाळी रिकामं करायचं, अशी सवय असेल तर एक धोका लक्षात घ्या. तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा उतारावर आपटतं आणि गोळी पुंगळीत आत दबते. काडतूस आखूड होतं, नीट चढत नाही, आणि झाडलं तर आतला दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडा. फरक दिसला तर ते बाजूला ठेवा. घरी सराव करायचा असेल तर ड्रिल काडतुसं (बार नसलेली, सरावाची) आणा, जिवंत गोळ्यांनी घरात स्लाइड खेचत बसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, झटका कमी लागला आणि मग स्लाइड अडकली, तर ती साधी रोक समजू नका. गोळी नळीतच राहिली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते आणि हात जातो. अशा वेळी थांबा, रिकामं करा, नळी उघडून आरपार उजेड दिसतो का ते बघा. आणि ट्रिगर दाबून नुसती 'टक' झाली तर नळी निशाणाकडे धरून ३० सेकंद मोजा, मगच स्लाइडला हात लावा. काही वेळा बार उशिरा पेटतो.

हे सगळं करून पुन्हा ५० गोळ्या रेंजवरच चालवा, बांधावर नाही. नव्या स्प्रिंगा थोड्या सैलावतात आणि बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात. तरी एकाच मॅगझीनमध्ये अडकत राहिलं तर ते मॅगझीन बदलून घ्या, पकडीने ओठ वाकवू नका, स्प्रिंग ताणू नका. दोन्हींमध्ये अडकत असेल तर बिल, लायसन्स आणि ती टिपलेली वही घेऊन विक्रेत्याकडे जा. सातपुड्याच्या पलीकडे कोणी गावठी कारागीर स्वस्तात करून देतो असं कानावर आलं तरी तिकडे फिरकू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि बिनपरवाना हातात दिलेलं पिस्तूल तुमचं लायसन्सही घालवेल. जाताना दोन्ही मॅगझीन सोबत न्या. लोक नुसतं पिस्तूल नेतात आणि दोष घरी कपाटात राहतो.